खालची डावी दाढ

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा एक लेकरू फसवून आणलेलं. पाच वर्षांची मुलगी, कस्तुरी नाव, काटोलची. घरून निघताना सांगितलं की इतवारीत बांगड्या घ्यायला जाऊ. पोरगी नवा फ्रॉक घालून, केसांना दोन क्लिपा लावून आमच्या महाल भागातल्या दवाखान्याच्या जिन्याने नाचत वर आली. दारात मास्क लावलेली माझी मदतनीस शालूताई दिसली आणि ती तिथेच फरशीवर बसली. रडणं नाही, ओरडणं नाही. तोंड घट्ट मिटलं आणि वरून दोन्ही हात ठेवले.

म्हणे बांगड्या. आईबाप अडाणी नाहीत. बाप संत्र्याचा व्यापारी, आई बी.एड.

हकिकत अशी की खालची डावी दाढ किडलेली, दोनदा गाल सुजून झालेला. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा दवाखान्यात नेलं होतं. तिथे चौघांनी हातपाय धरले, तोंडात सुई दिली, पोरगी इतकी तडफडली की काम अर्धवट टाकून परत पाठवलं. तेव्हापासून ती आईला ब्रशसुद्धा लावू देत नाही. दाढ होती तिथेच आहे, भीती मात्र मुळापर्यंत गेली.

बापाचं नाव नीलेशभाऊ, दणकट माणूस. मला म्हणतो, "मी पाय धरतो, तुमची बाई हात धरते. पाच मिनिटाचं काम हाये न जी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्हाला उद्या चौघांनी असं आडवं पाडलं तर चालेल का, विचारलं. आवाज चढलाच. बाहेर बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या. वळवू देत.

मग मीही फरशीवर बसले, तिच्यापासून दोन हात लांब. आज तुझ्या तोंडात मी काही घालणार नाही एवढंच म्हटलं आणि खरंच घातलं नाही. पंधरा मिनिटं नुसती बसून. गुडघे दुखतायत. जाताना तिने तोंडावरचा एक हात काढला. दुसरा जिना उतरेपर्यंत तसाच होता.

५ नोव्हेंबर

कस्तुरीच्या आईला, वैशालीला, फोन केला. तीन गोष्टी सांगितल्या. कुठे नेतोय ते घरूनच खरं सांगायचं. ‘काही दुखणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळणं तुमच्या हातात नाही. आणि डॉक्टरची धमकी बंद.

तिसऱ्यावर ती हळूच म्हणाली की सासूबाई रोज भरवताना म्हणतात, खाल्लं नाही तर डॉक्टरीन सुई घेऊन येते. रोज. दोन्ही वेळा.

आठ वर्षं शिकायचं, लेकरांच्या दातांची डॉक्टर व्हायचं, आणि घराघरांत बागुलबुवाच्या शेजारी उभं राहायचं. वरणभात पोटात जावा म्हणून माझा उपयोग! शालूताईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, आमच्या घरी तर मीच नातवाले तुमचं नाव सांगतो. घ्या. बारा वर्षं माझ्याबरोबर काम करते ही बाई.

७ नोव्हेंबर, शुक्र.

कस्तुरी आली. आईबरोबर, एस.टी.ने. खरं सांगून आणलेली. काटोल ते नागपूर पूर्ण रस्ता एक शब्द बोलली नाही, आई सांगत होती. पण जिना चालत चढली.

आज दात मोजायचे, बस. आधी तिने शालूताईचे मोजले. अठ्ठावीस. ‘बत्तीस असते न, हिचे कमी हायेत’ म्हणाली. शालूताईने अक्कलदाढांची गोष्ट रंगवून सांगितली. मग खुर्ची वर-खाली. पाणी ओढणारी नळी तिच्या तळहातावर, मग कपातल्या पाण्यात. माझा आरसा आधी तिच्या नखावर, मग ओठावर. कुठलीही गोष्ट आधी सांगायची, मग दाखवायची, मग करायची. कंटाळवाणं काम आहे. धरून पाडण्यापेक्षा दहापट वेळ लागतो, म्हणून कुणी करत नाही.

मग तिला भिंतीवरची पाटी वाचून दाखवली. मीच रंगवलेली. ‘इथे डावा हात वर केला की डॉक्टर थांबतात.’

तिने विचारलं, "तू खोटं बोलून राहिली का?"

म्हटलं, करून बघ.

तिने करून बघितलं. अकरा वेळा. आरसा ओठाशी नेला की हात वर. मी थांबायची. पुन्हा नेला की हात वर. सातव्या-आठव्या वेळी हसायला लागली. आई ओशाळून म्हणत होती, मॅडमला त्रास नको देऊ. मी तिला गप्प बसवलं. बाराव्या वेळी हात मांडीवरच राहिला आणि आरसा आत गेला. खालची डावी दाढ बघितली. वरून छोटं भोक, आतून पोखरलेली. काढायची नाही, मुळं साफ करून वाचवता येईल. मागची पक्की दाढ यायला अजून वर्ष आहे, तोवर ही जागेवर हवी.

आज घरी येताना गाडी चालवत गाणं म्हणत होते.

१० नोव्हेंबर

एक्स-रे झाला. तो खडा (ती सेन्सरला खडा म्हणते) तिने स्वतः तोंडात धरला. दोन वेळा हात वर, दोन वेळा थांबले.

पण हिरडीवर पुळी आली आहे. आत पू. आता आठ-पंधरा दिवस लाडीगोडी करत बसता येणार नाही. बुधवारी मुळं साफ करायचीच. औषध लिहून दिलं. एस.टी.ने नको, गाडीने या, म्हटलं. म्हणजे बाप येणार. हंगाम आहे, गाड्या भरून जातायत, तरी येतो म्हणाला.

कस्तुरीला सगळं सांगितलं. दाढेला झोपवायचं औषध सुईने देणार. मुंगी चावल्यासारखं होईल, मी दहा मोजेपर्यंत. तिने विचारलं, काळी मुंगी की लाल? लाल, म्हटलं. खोटं का सांगू? तिने विचार केला आणि म्हणाली, बरं.

हे ‘बरं’ मिळवायला मला तीन भेटी लागल्या. पुढच्या महिन्यात कुणी म्हणालं की लहान मुलं ऐकतच नाहीत, तर त्यांना हे वाचून दाखवीन.

१२ नोव्हेंबर, बुध.

लिहायचं नाहीये. लिहिते.

अकराची वेळ दिली होती, आले एक वाजता. कुठलासा ट्रक भरायचा राहिला होता म्हणे. माझे पुढचे दोन पेशंट बाकावर, तिसऱ्याचा फोन. भूक लागलेली. मी आधीच चिडलेली होते. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर विसरायला नको.

सुई छान गेली. मी मोजत होते, सहावर हात वर झाला, मी थांबले. ती म्हणाली, "मोठी मुंगी व्हती." म्हटलं हो, मोठीच होती, अजून चार अंक राहिलेत, तू सांग कधी. तिने सांगितलं. चार अंक झाले. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मग ती म्हणाली, बाबा हात धर. नीलेशभाऊ कोपऱ्यात अवघडून उभे होते. मी म्हटलं, या ना, बसा इथे, धरा हात. मी बसते उजवीकडे, शालूताई डोक्याशी. त्यांना जागा उरली डावीकडे. त्यांनी डावा हात धरला.

माझ्या लक्षात आलं होतं. आलं होतं! एक क्षण वाटलं की त्यांना उठवून उजवा हात धरायला सांगावा, पण मग मला स्टूल सरकवावं लागलं असतं, दिवा पुन्हा लावावा लागला असता. जाऊ दे, म्हटलं.

दोन मुळं झाली. तिसऱ्यात मूळ घासायची बारीक फाइल घातली आणि तिचा हात हलला. बापाच्या मुठीत. वर यायला लागला. त्यांनी तो खाली दाबला, प्रेमानेच, दुसरा हातही वर ठेवला. "झालं झालं, माही राणी. झालंच." मुठीच्या बाहेर तिची बोटं दिसत होती. ताठ. माझ्या डोळ्यांसमोर.

मी थांबले नाही. एकच मूळ आहे, अर्धं मिनिट, आता थांबलं तर पुन्हा सगळं. हे सगळं त्या क्षणात मनात आलं, म्हणजे विचार करायला वेळ होता. अर्धं मिनिट नव्हतं ते. दोन-अडीच मिनिटं असतील. मूळ साफ केलं, औषध भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट. आणि मी म्हणाले, शाबास.

ती रडली नाही. उठून बसली, चूळ भरली, माझ्याकडे बघितलं. स्टिकर घेतलं नाही. जिन्यात बापाला म्हणाली ते मला वर ऐकू आलं. "मी हात वर केला व्हता."

आणि त्याआधी दारात तो माणूस मला हात जोडून म्हणाला, मॅडम, किती सोपं झालं! पाहिलं न, जरासं धरलं की होते.

पू असलेल्या दाढेत बधिर करायचं औषध नीट चढत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे माहीत असतं. तिला खरंच दुखत असणार.

१३ नोव्हेंबर

दिवसभर नीलेशभाऊंवर जळत होते. जेवताना, गाडीवर, पेशंटच्या तोंडात वाकलेली असताना. गोण्या दाबायची सवय, तसा लेकराचा हात दाबला. किती वेळा सांगितलं होतं. पाटी भिंतीवर आहे, मराठीत आहे, अक्षरं वीतभर आहेत.

दुपारी शालूताई हत्यारं धूत होती. मी बोलतच होते. ती नळ बंद करून वळली. "मॅडम, हात त्यानं धरला. पन डोळे तर तुमचे उघडे व्हते न."

नंतर तिच्यावरच खेकसले, ट्रे नीट पुसला नाही म्हणून. ट्रे स्वच्छ होता.

१४ नोव्हेंबर, शुक्र.

बालदिन. एका शाळेत पालकांसाठी बोलायचं महिन्याभरापूर्वी कबूल केलं होतं. ‘मूल दाताच्या डॉक्टरला का घाबरतं.’ रद्द करायला हवं होतं. गेले.

आणि चांगलं बोलले, ही खरी चीड. खोटं सांगून आणू नका. धमकी देऊ नका. धरून ठेवू नका, त्याच्या अंगावर त्याचा हक्क आहे. माझ्याकडे हात वर करायचा नियम आहे, तोही सांगितला. लोक हसले, लिहून घेतलं, दोघींनी पाटीचा फोटो मागितला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

शेवटी मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. कडेवर लहान मूल. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, आनि तुमी थांबता का दर वेळी?"

मी म्हणाले, हो.

दीडशे माणसांसमोर. माईकवर. टाळ्या.

घरी आल्यावर प्रशांतला सांगितलं. नवऱ्याकडून काय अपेक्षा होती कोण जाणे. म्हणाला, अगं दाढ वाचली ना तिची? दोन मिनिटांचा प्रश्न होता, मुलं विसरतात. मी विचारलं, तू विसरलास का, लहानपणी दात काढताना काय झालं होतं ते? तो म्हणाला ते वेगळं. मी ताट तसंच ठेवून उठले.

१५ नोव्हेंबर

पाटी काढली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिलाय. एका मुलाने विचारलं, ते हातवालं कुठे गेलं? धुवायला दिलं, म्हटलं. आणखी एक खोटं.

१९ नोव्हेंबर, बुध.

आज कस्तुरीची अपॉ. होती. पक्कं भरून वर टोपी बसवायची. आली नाही.

बापाला फोन केला. दुखत नाही तिचं, मॅडम, मस्त खाऊन राहिली, हंगाम सरला की आणतो. म्हटलं, ते सिमेंट आठवडाभराचं आहे, निघालं तर घाण पुन्हा आत जाईल. हो हो म्हणाले. तो हो हो मी ओळखते.

मग वैशालीचा फोन आला, तिचा आपणहून, आवाज बारीक. स्वयंपाकघरातून बोलत असावी. म्हणाली, तुम्हाला सांगू की नको कळत नव्हतं. कस्तुरी दाढेबद्दल चकार शब्द काढत नाही. तुमच्याबद्दलही नाही. पण त्या दिवसापासून बाबाला हात देत नाही. शाळेत सोडायला तेच नेतात रोज, रस्ता ओलांडताना हात पुढे केला की ती दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यात अडकवते. बाजूने चालते, पण हात नाही. सांगून झालं, रागावून झालं. आठ दिवस झाले.

मी फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला पाच मिनिटं थांबवलं. संडासात जाऊन रडले. रागाने रडले, दुःखाने नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नसता तर तिने हात वर केलाच नसता. आणि वर केला नसता तर बाबाने दाबला नसता. मी शिकवलं म्हणून झालं हे. चौघांनी धरलं तेव्हा परके होते सगळे. माझ्या खुर्चीत तिने बापच गमावला.

२२ नोव्हेंबर, शनि.

नीलेशभाऊ एकटेच आले. काही कामाने इतवारीत आले होते, म्हणे. वेळ न घेता सरळ आत. मला वाटलं तारीख बदलायला आले असतील. ते भांडायला आले होते.

बरंच बोलले. तुम्ही मोठ्या डॉक्टरीन, पहिल्या दिवशी चार लोकांत माझा पाणउतारा केला, मी ऐकून घेतलं. मग तुम्हीच बोलावलं, तुम्हीच म्हणालात बसा, हात धरा. मी धरला. मला काय माहीत कोणता हात कशाचा? ज्या दिवशी पाटी वाचून दाखवली त्या दिवशी मी इथे नव्हतोच. तुम्हाला दिसत होतं तर बोलायचं होतं ना. बोलता बोलता आवाज फुटला. "माहा हात धरत नाही जी पोरगी आता. रस्त्यावर गाड्या किती असते, तुमाले माहीत हाये? मी हात पुढं करतो अन ते पट्टा धरते."

मी चिडले. हो, तरीही चिडले. म्हटलं, तुम्ही दोन तास उशिरा आलात. म्हटलं, पहिल्या दिवशी पाय धरतो कोण म्हणालं होतं? दोन मोठी माणसं, दार बंद करून, एका दाढेवरून भांडत होतो. शालूताई पाणी घेऊन आली आणि दोघांच्याही समोर न ठेवता ग्लास घेऊन परत गेली.

मग ते खुर्चीत बसले. पेशंटच्या. त्यांचे पाय खाली लोंबत होते, त्या माणसाला ती खुर्ची लहान पडते. म्हणाले, मी तिला सॉरी म्हटलं, चॉकलेट दिलं. तिने चॉकलेट घेतलं. मी विचारलं, कशाबद्दल सॉरी म्हणालात? ते म्हणाले, दुखलं त्याबद्दल. म्हटलं, नीलेशभाऊ, ती दुखण्याबद्दल रागावलेली नाही. मुंगी लाल असते ते तिला माहीत होतं.

ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, मंग तुमी या. उद्या. तुमीबी सांगा.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बारा वर्षं काढतेय. मी हो म्हणाले.

२३ नोव्हेंबर, रवि.

काटोल. प्रशांतला सोबत नेलं नाही. तो म्हणाला, डॉक्टर पेशंटच्या घरी माफी मागायला जातो का कधी. म्हटलं, बहुतेक नाही, म्हणूनच असं आहे.

घर बाजाराच्या मागेच. अंगणात संत्र्यांचे ढीग, बायका निवड करत बसलेल्या. लहान एकीकडे, मोठी एकीकडे. कस्तुरी एका ढिगाशी बसून देठाची पानं तोडत होती. मला बघितलं आणि पानं तोडतच राहिली. तोंड झाकलं नाही. त्याने जास्त लागलं. मी आता तिच्यासाठी घाबरायच्यासुद्धा लायकीची नव्हते, नुसती एक बाई.

समोर बसले. घोकून गेले होते ते सगळं विसरले. म्हटलं, कस्तुरी, तू त्या दिवशी हात वर करत होतीस. मला दिसलं होतं. मी थांबले नाही. मी खोटं बोलले.

आजी पायरीवर बसलेल्या. त्या मधेच म्हणाल्या, "लेकराची माफी मांगते का कोनी डॉक्टरीनबाई? तिले काय समजते." मी आजींकडे असं बघितलं असेल की त्या उठून आत गेल्या. सुनेला बरं वाटलं असावं.

कस्तुरी म्हणाली, "काहून नाही थांबली?"

सगळी उत्तरं तयार होती. पू होता. दाढ वाचवायची होती. पुन्हा दुखू नये म्हणून. सगळी खरी, आणि त्यातलं एकही उत्तर नाही.

"मला लवकर संपवायचं होतं," मी म्हणाले. "भूक लागली होती. बाहेर लोक बसले होते."

तिने ते ऐकून घेतलं. मोठी माणसं ऐकून घेतात तसं, तोंड वाकडं न करता. मग बापाकडे बघितलं. नीलेशभाऊ खोके बांधायची दोरी हातात घेऊन उभे. शेवटी खालीच बघत म्हणाले, तू वर करून राहिली व्हती, मीनं दाबला. मीनं दाबाले नाही पाह्यजे व्हता. अंगणातल्या बायकांची निवड थांबलेली. एका बापाने असं बोलणं त्या अंगणात पहिल्यांदाच झालं असेल.

कस्तुरीचं ‘बरं’ नाही, ‘नाही’ नाही. उठून आत गेली.

तोंड उघडून दाखव म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पण ती जाताना डावा गाल दिसला. मला तो किंचित जड वाटला. वैशालीला विचारलं. काल रात्री जेवताना काहीतरी पांढरं खडकन निघालं म्हणाली, तिने थुंकून टाकलं. सिमेंट गेलं.

२५ नोव्हेंबर

वैशालीने फोटो पाठवला. गाल सुजलाय. थोडाच, पण परवापेक्षा जास्त. औषध पुन्हा सुरू करायला सांगितलं. उद्या सकाळी ११. याहून पुढे ढकलता येत नाही.

भूलतज्ज्ञ मैत्रिणीशी बोलून ठेवलं. उद्या जमलं नाही तर परवा मोठ्या हॉस्पिटलात, पूर्ण भूल, दाढ काढून मोकळं. ती म्हणाली, मग आत्ताच का नाही करत? झोपेत सगळं, पोरीला कळणारही नाही. म्हणजे पुन्हा कुणीतरी तिला नेणार, नाकावर मास्क धरणार, आणि जागी झाल्यावर तोंडात एक दाढ कमी. कळणार नाही म्हणे! जगातल्या सगळ्या लोकांना हेच एक वाक्य येतं का?

मैत्रीण चूक नाही, हे लिहून ठेवते. सूज वाढली तर तेच करावं लागेल, आणि मीच करायला सांगीन.

उद्याचे सगळे पेशंट पुढे ढकलले. शालूताईला म्हटलं, उद्या एकच. ती म्हणाली, डबा घेऊन या मंग, उपाशी नका येऊ. टोमणा होता, आणि बरोबर होता.

२६ नोव्हेंबर, बुध.

स. ११.१०. आले. गाडी खाली गल्लीत लागली आहे, समोरच्या भांड्यांच्या दुकानाला टेकून. खिडकीतून टप दिसतो. तिघं आहेत.

११.२५. वैशाली एकटीच वर आली. कस्तुरी उतरत नाही म्हणाली. येताना खरं सांगूनच आणलं, सूज बघायची, दाढ पुन्हा साफ करायची, सुई द्यावी लागेल. ती गाडीत आपण होऊन बसली. पण आता उतरत नाही. गाल कालपेक्षा वाढलाय, डोळ्याखाली यायला लागलाय. ताप नाही.

मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मी खाली गेले तर तिला वर यावंच लागेल, असं वाटेल तिला. वैशालीला परत खाली पाठवलं. घाई नाही, एवढा निरोप दिला. घाई आहे. गालाकडे बघितलं तर घाईच आहे. हा राग कुणावर काढू? त्या पहिल्या चौघांवर काढून झाला, आजीवर काढून झाला, स्वतःवर काढून झाला.

११.५०. भांडेवाला वर येऊन गेला. गाडी हलवा म्हणतो, त्याचा टेम्पो यायचाय. त्याला असं काही बोलले की शालूताईला त्याच्या मागे जाऊन समजूत घालावी लागली.

१२.१५. नीलेशभाऊंचा फोन. खालून. आवाज दबलेला, मागे गल्लीचा गोंगाट. "मॅडम, चाळीस पायऱ्या बी नाहीत. मी उचलून आनू का? दोन मिनिटाचं काम हाये."

माझ्या तोंडात ‘आणा’ आलं होतं. खरंच आलं होतं. तीन तासांत तो गाल कुठे जाईल मला माहीत आहे.

"नको," म्हणाले.

ते म्हणाले, "मंग किती वेळ?"

"एकपर्यंत. तोवर ती म्हणेल तेव्हा. एक वाजला की मी खाली येऊन तिला सांगेन, की इथे नाही तर आजच हॉस्पिटल. तेही तिला सांगूनच."

फोन तसाच चालू होता. मला वाटलं ओरडतील. मग ऐकू आलं, ते फोनमध्ये नाही, तिच्याशी बोलत होते. "मॅडमनं नाही म्हटलं. मीबी उचलत नाही तुले. बसून राहू."

ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फोन बंद झाला.

१२.४०. शालूताईने ट्रे झाकून ठेवलाय. खुर्ची खाली घेतलेली. डबा आणलाय, खावंसं वाटत नाही, दोन घास खाल्ले. खिडकीशी जायचं नाही असं ठरवलं होतं, तीनदा गेले.

नीलेशभाऊ गाडीच्या बाहेर उभे आहेत, मागच्या दारापाशी. दार उघडं आहे. हात मागे बांधलेत. आत ती दिसत नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय आणि तो माणूस जागचा हललेला नाही.

१२.५५. दार अजून उघडंच आहे.